सोलापुरात रोज चालवायच्या दमदार गाडीला शॉकअप आणि स्प्रिंग निवडताना

पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, व्हर्टस जीटी. यांतली एखादी गाडी रोज कामाला, मुलांच्या शाळेला आणि अधूनमधून पुण्या-हैदराबादला नेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मूळ शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) थकलेत, गाडी हायवेवर डुलायला लागली आहे आणि नवीन काय बसवावं हे ठरत नाही, अशी वेळ कधी ना कधी येतेच. दुकानदार सांगतो, लोअरिंग स्प्रिंगा टाका, गाडी जमिनीला बसेल, भारी दिसेल. मित्र सांगतात, सरळ कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉकअप-स्प्रिंगचा एकत्र संच) घे. माझं सांगणं वेगळं आहे. पैसे आधी शॉकअपवर घाला, स्प्रिंग कडक करायची तर बेताने करा आणि गाडी खाली आणायचा मोह टाळा. का, ते हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या गाडीचे आकडे घालून तुम्हालाही तो ताडून बघता येईल.

आपले रस्ते काय मागतात

सोलापूर जिल्ह्यातली बरीचशी जमीन काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर हलतो. त्यामुळे एकही खड्डा नसलेल्या डांबरी रस्त्यावरसुद्धा लांब लांब लाटा तयार होतात. ८०-९० च्या वेगात गाडी एका लाटेवरून उतरून सावरते न सावरते तोच दुसरी समोर असते. भर म्हणून उसाच्या वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेतच.

शहरात प्रकार उलटा. कडा तुटलेले खड्डे, रस्त्यापेक्षा वर-खाली असलेली ड्रेनेजची झाकणं, खोदून अर्धवट बुजवलेले चर, पुलांचे सांधे. इथे लाट नसते, सरळ टोला असतो.

लाटेवर गाडीची बॉडी सावकाश पण खूप वर-खाली होते. शॉकअपचा पिस्टन त्या वेळी हळू फिरतो आणि तिथे तो घट्ट लागतो. टोल्याला पिस्टन एकदम वेगाने आत ढकलला जातो आणि तिथे तो सैल पडायला हवा, नाहीतर धक्का थेट कमरेत. स्प्रिंगला हा फरक कळत नाही, ती दोन्हीकडे सारखीच वागते. हळू फिरताना घट्ट आणि वेगात सैल, हे काम फक्त शॉकअपमधल्या व्हॉल्व्हचं. म्हणून आपल्याकडे शॉकअपचा मान स्प्रिंगपेक्षा मोठा.

यात सुरक्षिततेचाही भाग आहे. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, ब्रेक मारून गाडी बाजूला घ्यावी लागते. त्या दोन सेकंदांत टायर रस्त्याला धरून राहतो की उडत राहतो, हे शॉकअप ठरवतो. थकलेले शॉकअप बदलणं मी यासाठीच पुढे ढकलायचं काम मानत नाही.

पायरी पहिली: नक्की काय बिघडलंय ते शोधा

बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते ते बघायची जुनी रीत पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धवट थकलेला दाखवत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या रस्त्यावर, पुलाला रस्ता मिळतो तिथल्या चढावरून ६०-७० ने गाडी न्या. बॉडी एकदा वर जाऊन खाली आली की थांबली पाहिजे. दुसरा हेलकावा आला तर शॉकअप गेला.

मग गाडी थंड असताना टायरवर तळहात ठेवून परिघाच्या दिशेने फिरवा. हाताला ठरावीक अंतराने खळगे लागले, एक गुळगुळीत उंचवटा मग एक खळगा असं, तर ते चाक बरेच दिवस उड्या मारत चाललंय. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर तो अलाइनमेंटचा किंवा बुशचा (सांध्यातल्या रबरी तुकड्यांचा) विषय.

शॉकअपच्या अंगावर धूळ चिकटेल इतपत हलका ओलावा चालतो. तेलाचा ओघळ आला असेल तर नाही. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटचं टॉप माउंट याच वेळी तपासून घ्या. खडखड लिंक रॉडची आणि बदलला शॉकअप, असं नेहमी होतं. बुश फाटलेले असतील तर जगातला सगळ्यात चांगला शॉकअप घालूनही गाडी ब्रेकला एका बाजूला ओढणारच.

टायरचं प्रेशरही आधी बघा. दरवाज्याच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीचा आकडा असतो. सकाळी, गाडी चालवण्याआधी तेवढं प्रेशर ठेवून दोन दिवस चालवा. कडकपणाची अर्धी तक्रार इथेच मिटलेली मी पाहिली आहे.

पायरी दुसरी: मोजमाप

सपाट फरशीवर गाडी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा आणि झीज त्यात येते.

दुसरं माप जास्त महत्त्वाचं. चाक अजून किती वर जाऊ शकतं, म्हणजे बंप स्टॉपला (शॉकअप पूर्ण दबला की टेकतो त्या रबरी थांब्याला) टेकण्याआधी शॉकअपचा किती दांडा शिल्लक आहे? धुळीचं कव्हर वर सरकवून शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय बांधा, फार आवळू नका, आणि खाली शॉकअपच्या डोक्यापर्यंत सरकवा. गाडी उभी असतानाच टाय आणि बंप स्टॉपच्या खालच्या टोकामधलं अंतर मोजा. आता नेहमीच्या रस्त्याने आठवडाभर चालवा, एकदा घरचे सगळे बसवून. टाय दांड्यावर सरकत वर जातो आणि जिथवर शॉकअप दबला तिथे थांबतो. तो बंप स्टॉपला जाऊन भिडला असेल तर गाडी आजच रबरावर आपटते आहे, आणि तुम्ही ती आणखी खाली आणायचा विचार करताय. ज्या गाडीत दांडा कव्हरखाली दिसतच नाही तिथे मेकॅनिककडून शॉकअप काढल्यावर हे माप घ्या. बिनमापाची खरेदी करू नका.

पायरी तिसरी: स्प्रिंगचा हिशेब

स्प्रिंगचा रेट म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो. युरोपी कंपन्या तो न्यूटनमध्ये देतात, जपानी पद्धतीत किलोमध्ये. एक किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिलिमीटर. स्प्रिंगवर '३ के' लिहिलं असेल तर साधारण २९ न्यूटन.

नुसता रेट मात्र काही सांगत नाही. तीच स्प्रिंग हलक्या गाडीत दगड आणि जड गाडीत मऊ. खरी तुलना होते ती बॉडी सेकंदाला किती वेळा झुलते त्यावर, म्हणजे हर्ट्झमध्ये. सर्वसाधारण घरगुती गाडी १ ते १.३ हर्ट्झच्या आसपास असते, रस्त्यावरची स्पोर्टी गाडी १.३ ते १.६ च्या दरम्यान. दोनच्या वर गेलात की ती ट्रॅकची गाडी झाली.

उदाहरण घेऊ. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं वजन ३०० किलो धरा आणि स्प्रिंग २५ न्यूटनची. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असलेल्या रचनेत) चाक आणि स्प्रिंग जवळपास सारखेच हलतात. मोशन रेशो (चाक एक मिलिमीटर हललं तर स्प्रिंग किती दबते ते) ०.९५ धरला तर त्याचा वर्ग ०.९, म्हणजे चाकाला जाणवणारा रेट २२.५ न्यूटन प्रति मिलिमीटर, अर्थात मीटरला २२,५००. त्याला ३०० ने भागा, ७५ आले. ७५ चं वर्गमूळ ८.६६. त्याला ६.२८ ने भागलं की १.३८ हर्ट्झ. चांगली, तल्लख गाडी.

आता कोणी ३५ न्यूटनची स्प्रिंग सुचवली. ४० टक्के कडक. तोच हिशेब केला की १.६३ हर्ट्झ येतात. वारंवारता वर्गमुळाने वाढते, म्हणून ४० टक्के कडक स्प्रिंग १८ टक्केच जलद झुलते. पण त्या झुलण्याला आवरायला शॉकअपचा दमही तेवढाच, १८ टक्के वाढवावा लागतो. कंपनीचे जुने शॉकअप तसेच ठेवून वर कडक स्प्रिंगा घातल्या की गाडी थडथडते आणि तरीही डुलते, त्याचं कारण हे.

मागची बाजू आपल्याकडे जास्त नाजूक, कारण गाडी भरून जाते. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर कुठेही निघा, मागे तिघं आणि डिकीत सामान. मागच्या कोपऱ्यावर रिकाम्या गाडीत २०० किलो आणि चाकापाशी २० न्यूटन धरू. ते १.५९ हर्ट्झ झाले. पुढच्यापेक्षा मागचं थोडं जास्त असणं योग्यच, कारण लाट आधी पुढच्या चाकाला लागते आणि जलद झुलणारा मागचा भाग पुढच्याला गाठतो, गाडी नाक-शेपूट करत नाही. आता प्रत्येक मागच्या चाकावर १०० किलो वाढले. गाडी मागून ४९ मिलिमीटर बसली. दांडा ७० मिलिमीटर शिल्लक होता, तर राहिले २१. लोअरिंग स्प्रिंगेने आधीच ३० खाल्ले असतील आणि रेट तोच असेल, तर हिशेब उणे ९. म्हणजे घरातून निघतानाच गाडी बंप स्टॉपवर बसली. याउलट उंची तीच ठेवून स्प्रिंग १५ टक्के कडक केली, तर गाडी ४३ बसते आणि २७ मिलिमीटर हातात राहतात.

यावरून माझा नियम: पुढे १० ते २० टक्के, मागे १५ टक्क्यांच्या आसपास कडक, उंची शक्यतो कंपनीची. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, म्हणजे दाबत जावं तशी कडक होत जाणारी, कौटुंबिक वापराला मागे चांगली. पुढे मला लिनिअरच (रेट सारखाच राहणारी) आवडते, वळणात गाडी काय करणार ते आधी कळतं.

जुनी स्प्रिंग बदलताना तिच्यावरचे रंगाचे ठिपके नीट बघा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं पुढचं वजन वेगळं असतं, आणि कंपनी त्या-त्या वजनाच्या स्प्रिंगेवर वेगळे ठिपके देते. डिझेलची पुढची स्प्रिंग पेट्रोलला बसते जरूर, पण नाक वर राहतं.

गाडी किती खाली आणावी

दिसायला खाली बसलेली गाडी छान दिसते, मला मान्य आहे. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

परदेशी लोअरिंग स्प्रिंगेवर '३० मिलिमीटर' लिहिलेलं असतं ते त्या गाडीच्या युरोपातल्या उंचीवरून. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांची उंची इथल्या रस्त्यांसाठी वाढवलेली असते. त्यामुळे तीच स्प्रिंग इथे ३० पेक्षा जास्त खाली आणते.

दुसरं, मॅकफर्सनची गाडी खूप खाली आणली की लोअर आर्म चाकाकडे खाली उतरता राहत नाही, आडवा होतो किंवा उलटा वर चढतो. तसं झालं की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी वळणात झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतो आणि वळणात गाडी झुकवणारा जोर वाढतो. स्थिरतेसाठी खाली आणलेली गाडी मग झुकू नये म्हणून आणखी कडक स्प्रिंग मागते.

तिसरं, स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून कुठलीही गाडी सुखाने जाते. गावाच्या वेशीवर घातलेला अरुंद, टोकदार ढिगारा या मापात बसत नाही आणि पोट तिथेच घासतं. भरलेल्या गाडीने असे ब्रेकर ओलांडायचे असतील तर पुढे १५-२० आणि मागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली येऊ नका. यातही मागे शून्य असेल तर उत्तम.

आणि स्प्रिंग कापणं. कुणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी नको. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, गॅसने कापली तर तापलेल्या भागाचं पाणी उतरतं, आणि मागचं चाक हवेत लटकलं की आखूड स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

पायरी चौथी: शॉकअप

शॉकअपचे दोन जोर असतात. दबताना अडवतो तो बंप, सुटताना अडवतो तो रिबाउंड. लाटांवर डुलणं थांबवतो तो मुख्यतः रिबाउंड. पण रिबाउंड गरजेपेक्षा घट्ट असला तर चाक खड्ड्यातून परत खाली यायला वेळ घेतं, पुढचा खड्डा त्याआधीच येतो आणि गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी बसत जाते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक आहे. खरा दोष घट्ट रिबाउंडचा असतो.

रचना दोन प्रकारची. ट्विन ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी नळी, गॅसचा दाब कमी, बाहेरून दगड लागला तरी आतला पिस्टन अडकत नाही. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, पिस्टन मोठा, तेल आणि उच्च दाबाचा गॅस तरंगत्या पिस्टनने वेगळे ठेवलेले. त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता लवकर बाहेर जाते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना, तापलेल्या डांबरावर तासभर खराब रस्त्याने जाताना हा फरक जाणवतो. तेल तापून पातळ झालं की साधा शॉकअप प्रवासाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा सैल वागतो. मोनोट्यूबचा तोटा असा की सीलवरचं घर्षण आणि गॅसचा जोर यामुळे बारीक खडबडीतपणा हाताला जास्त कळतो, आणि नळीला पोचा पडला तर तो शॉकअप गेला.

नावं घेऊनच बोलू. बिल्स्टाइन बी४ म्हणजे कंपनीसारखाच. मूळ उंचीवर समाधानी असाल आणि गाडी नुसती पूर्ववत करायची असेल तर पुरे. बी६ मोनोट्यूब, मूळ उंचीसाठी, कंपनीच्या स्प्रिंगेवरही चालतो. बी८ आखूड, लोअरिंग स्प्रिंगेसाठी. बी६ च्या जागी बी८ घेऊन कंपनीच्या उंच स्प्रिंगा ठेवू नका, चाक लटकताना शॉकअपच आधी संपतो. कोनीच्या पिवळ्या शॉकअपचा रिबाउंड फिरवून बदलता येतो, मात्र काही गाड्यांत मागचे त्यासाठी काढावे लागतात. कोनी स्पेशल ॲक्टिव्हमध्ये झटपट हलणाऱ्या धक्क्याला आपोआप सैल पडणारा व्हॉल्व्ह असतो.

माझी निवड विचाराल तर, एकट्याने किंवा दोघांनी जास्त हायवे करणाऱ्याला बी६ आणि कंपनीच्या स्प्रिंगा. घरचे सगळे रोज बसत असतील, शहरातच जास्त फिरणं असेल तर स्पेशल ॲक्टिव्ह. तुमच्या मॉडेलला हे मिळत नसतील तर कंपनीचेच नवे चार शॉकअप, नवीन टॉप माउंट आणि बंप स्टॉप. हा साधा पर्याय लोक कमी लेखतात. थकलेल्या गाडीत नव्या कंपनी शॉकअपने पडणारा फरक स्वस्त 'स्पोर्ट' किटपेक्षा नेहमीच चांगला असतो.

कॉइलओव्हर रोजच्या गाडीला मी सुचवत नाही. आपल्या धुळीत आणि पावसाळ्यातल्या चिखलात उंचीचे आटे जाम होतात. स्वस्त किटमध्ये वीस-तीस क्लिक असतात, पण पहिल्या पाचांनंतर काही बदलत नाही. घ्यायचाच तर बनवणाऱ्याकडून व्हॉल्व्हिंगचा (पिस्टनच्या कोणत्या वेगाला शॉकअप किती जोर लावतो त्याचा) आलेख मागा. देत नसेल तर सोडून द्या.

पायरी पाचवी: बसवताना समोर उभे राहा

शॉकअप जोडीने बदलतात, एकच कधी नाही. सोबत टॉप माउंट आणि त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचं कव्हर आणि नवीन लॉक नट घ्या. काढलेले लॉक नट परत वापरायचे नसतात. गाडी थोडी जरी खाली आणत असाल तर किटमध्ये आखूड बंप स्टॉप आहे का ते विचारा.

मेकॅनिकला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा. शॉकअपच्या दांड्याचा नट हवेच्या गनने फिरवायचा नाही, दांडा ॲलन चावीने धरून पान्याने आवळायचा. गनने दांडा आत गरगरतो आणि सील पहिल्याच दिवशी जखमी होतं. स्प्रिंगेचं टोक वाटीतल्या थांब्याला टेकलंय हे बोट लावून बघायचं. आणि तिसरी, जी हमखास चुकते: लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबरी बुश त्या लटकलेल्या स्थितीत पकडले जातात आणि गाडी खाली उतरली की कायम पिळलेले राहतात. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे.

अलाइनमेंट लगेच करून घ्या आणि स्प्रिंगा बसल्यावर, ४००-५०० किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा. मशिनच्या प्रिंटवर टोचा (चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा) आकडा दोन्ही बाजूंना सारखा हवा. कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलायची सोय गाडीत नसेल, तर निदान डावी-उजवी यांच्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको.

पायरी सहावी: ट्यूनिंग

फिरवता येणारे शॉकअप घेतले असतील तर सगळ्यात सैल ठेवून सुरू करा. एकच ठरलेला फेरा निवडा, ज्यात शहरातले खड्डे, हायवे आणि वळणं तिन्ही येतील. विजापूर रोडचा काही भाग, मग बायपास, मग तुळजापूरचा घाट, असा फेरा छान जमतो. हायवेवर दुसरा हेलकावा थांबेपर्यंत रिबाउंड थोडा थोडा वाढवा, पुढचे दोन्ही एकदम, मागचे दोन्ही एकदम. हेलकावा थांबला की तिथेच राहा. आणखी घट्ट केल्यावर गाडी तेज वाटते खरी, पण घाटातल्या खडबडीत वळणात मागचं चाक बाजूला उडी मारायला लागतं.

कागदपत्रांचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल. मूळ उंचीचे चांगले शॉकअप आणि खूप खाली आणलेली गाडी यांत इथेही फरक पडतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, बिलं जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून मगच हात लावा.

हजार किलोमीटर झाले की गाडी पुन्हा त्याच फरशीवर उभी करा. चारही माप घ्या, टॉप माउंटचे नट तपासा, केबल टाय कुठवर गेला ते बघा. डाव्या-उजव्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंगेचं टोक वाटीत फिरलं असण्याची शक्यता मोठी. ते त्याच दिवशी उघडून घ्या.